गाडीच्या किल्लीतला सेल बदलला, तरी रिमोट पुन्हा पुन्हा बंद पडतोय?

जुलै ते जानेवारी या काळात आमच्या गाडीच्या किल्लीत चार सेल घातले. दर वेळी तीच तऱ्हा. दुकानात बटण दाबलं की किल्लीवरचा लाल दिवा लुकलुकायचा, समोर उभ्या गाडीचे इंडिकेटर चमकायचे, सगळं छान. मग चार-पाच दिवसांनी मी पार्किंगमध्ये अंगठा दुखेपर्यंत बटण दाबत उभी. एकदा तर भर पावसात आईला फिजिओथेरपीला न्यायचं होतं. ती वॉकर धरून लिफ्टच्या दाराशी थांबलेली आणि गाडी उघडेना. शेवटी किल्ली कुलपात घालून दार उघडलं, तर अलार्म वाजायला लागला. (असं झालं तर घाबरू नका. रिमोटने बंद केलेली गाडी हाताने उघडली की काही गाड्या चोरी समजतात. इग्निशन ऑन केलं की अलार्म थांबतो.)

चौथ्या सेलनंतर एका सर्व्हिस सेंटरमध्ये सांगण्यात आलं, "मॅडम, प्रोग्रॅमिंग उडालंय. नवीन किल्लीच घ्यावी लागेल." अंदाजे खर्च ८,५०० रुपये. दोष प्रत्यक्षात निघाला सेलला टेकणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या धातूच्या एका पत्तीत आणि तो घरी, जेवणाच्या टेबलावर, अर्ध्या तासात दूर झाला. त्यानंतर सोसायटीतल्या आणि नात्यातल्या मिळून सात-आठ किल्ल्या मी उघडून पाहिल्या. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: सेल बदलल्यावर रिमोट चालत नसेल, तर प्रोग्रॅमिंगचा (म्हणजे किल्लीची गाडीशी जुळलेली ओळख उडाल्याचा) विचार अगदी शेवटी करावा. आधी सेल आणि पत्ती एकमेकांना नीट टेकतात का, ते बघावं.

किल्ली उघडण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. एका किल्लीच्या पोटात दोन वेगवेगळ्या यंत्रणा असतात. एक रिमोट. तो सेलवर चालतो आणि दारं उघडतो-लावतो. दुसरी इमोबिलायझरची चिप. तिला सेल लागतच नाही. किल्ली इग्निशनमध्ये घातली की कुलपाभोवतीच्या कॉइलमधून तिला तेवढ्यापुरती ऊर्जा मिळते, ती आपला क्रमांक सांगते, गाडी ओळखते आणि इंजिन चालू होऊ देते. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा: गाडी चालू होते का? चालू होत असेल आणि फक्त दारं उघडत नसतील, तर दोष रिमोटच्या बाजूला आहे. उलट, स्टार्टर फिरतोय पण इंजिन धरत नाही, किंवा समोर किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकतोय, तर सेल कितीही बदला, उपयोग नाही.

हा दुसरा प्रकार पुष्कळदा नेमका सेल बदलल्यानंतर घडतो, त्याचं कारण आहे. बऱ्याच किल्ल्यांत ही चिप सर्किटवर पक्की बसवलेली नसते. काळी, चपटी, छोट्या वडीसारखी असते आणि प्लॅस्टिकच्या खाचेत नुसती ठेवलेली असते. कव्हर झटक्यात उघडलं की ती टुणकन उडते. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी वर्तमानपत्र पसरून किल्ली उघडली, सेल घातला, कव्हर बंद केलं, पेपर गुंडाळला. दारं झकास उघडायला लागली, पण गाडी चालू होईना. टोइंगवाल्याला फोन करायच्या आधी त्यांनी मला विचारलं, हे बरं झालं. रद्दीच्या पिशवीतून तो पेपर काढला, उलगडला, तर घडीत ती वडी! खाचेत बसवली आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू झाली. म्हणून किल्ली नेहमी ताटात किंवा डब्याच्या झाकणात उघडा, काठ असलेल्या कशातही. आणि प्रत्येक थर काढण्याआधी मोबाईलवर फोटो घ्या.

आता गाडीचीच परीक्षा. घरातली दुसरी किल्ली काढा. तिनेही दारं उघडत नसतील तर दोष किल्लीत शोधू नका. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असेल, सेंट्रल लॉकिंगचा फ्यूज गेला असेल, एखादं दार किंवा डिकी नीट लागली नसेल. पुष्कळ गाड्यांत एक किल्ली इग्निशनमध्ये असताना दुसरीचा रिमोट मुद्दाम काम करत नाही. दुसऱ्या किल्लीने सगळं ठीक चालत असेल, तर मात्र पहिली उघडायची.

सेल. इथे सगळ्यात जास्त घोळ होतो, म्हणून जरा थांबून सांगते. सेलवर लिहिलेल्या आकड्यात त्याचं माप दडलेलं असतं. सीआर२०३२ म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. सीआर२०२५ चा व्यास तेवढाच, जाडी २.५. सीआर२०१६ ची जाडी फक्त १.६. सीआर१६२० घेतला तर व्यास १६, जाडी २.० मिलिमीटर. हे सगळेच ३ व्होल्टचे. त्यामुळे दुकानदार म्हणतो, "ताई, दोन्ही तीन व्होल्टच आहेत, चालतो हा." व्होल्टेजबद्दल तो बरोबरच बोलतोय. पण २०३२ च्या जागी २०२५ घातला की ०.७ मिलिमीटरची पोकळी राहते. पहिले दोन-चार दिवस पत्ती कशीबशी टेकते, मग खिशात, पर्समध्ये हलून हलून सेल सैल होतो. आमच्या चारपैकी दोन सेल असेच २०२५ निघाले. उलटंही होतं. २०२५ च्या जागी २०३२ कोंबला की कव्हर नीट मिटत नाही आणि पत्ती कायमची चेपते. मग पुढच्या वेळी बरोबर मापाचा सेल घातला, तरी तो टेकत नाही. योग्य क्रमांक बहुतेक वेळा कव्हरच्या आत किंवा सर्किटवर छापलेला असतो, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत मिळतो. आधीच्या सेलवरचा क्रमांक पाहून नवा आणू नका, कारण आधीचाच चुकीचा असू शकतो.

सेल घेताना सीलबंद पट्टीतला घ्या आणि तारीख बघा. बरणीत किंवा डब्यात सुटे टाकलेले सेल एकमेकांना घासून शॉर्ट होतात आणि नवे असूनही अर्धे उतरलेले असतात. मी पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत जाऊन पाच सेलची पट्टी घेते. तिथे वस्तू पारखून घेता येते आणि कोणी घाई करत नाही. मल्टीमीटर असेल तर नवा सेल ३.२ व्होल्टच्या आसपास दाखवतो. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. या लिथियम सेलचं व्होल्टेज जवळजवळ शेवटपर्यंत टिकून असतं आणि मग एकदम कोसळतं. खरी परीक्षा सेल किल्लीत असताना करायची: मीटरच्या तारा सेलच्या दोन्ही बाजूंना टेकवा आणि दुसऱ्या कोणाला तरी बटण दाबायला सांगा. दाबल्याबरोबर आकडा भसकन खाली येत असेल तर सेल थकलेला आहे.

आणखी एक कारण फारसं कोणाला माहीत नसतं. लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून काही कंपन्या सेलवर अतिशय कडू पदार्थाचा थर देतात. हेतू फार चांगला आहे, पण काही उपकरणांत त्या थरामुळे पत्तीचा आणि सेलचा संपर्क तुटतो. ॲपलने आपल्या एअरटॅगबद्दल (हरवलेली वस्तू शोधायला मदत करणारं छोटं उपकरण) तशी सूचना अधिकृतपणे दिलेली आहे. नवा कोरा, बरोबर मापाचा सेल आणि तरी किल्ली गप्प, असं झालं तर बिनथराचा सेल घालून बघा. मात्र घरात छोटं मूल असेल तर जुना आणि नवा, दोन्ही सेल डोळ्याआड करा. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. शंका जरी आली तरी वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

सेलची रुंद, गुळगुळीत, अक्षरं कोरलेली बाजू म्हणजे प्लस. काही किल्ल्यांत ती वर असते, काहींत खाली. फोटो घ्या म्हणाले ते यासाठीही.

आता आमच्या किल्लीचं सांगते. रविवारी दुपारी खिडकीजवळ टेबल ओढलं, बाबांचं पेपर वाचायचं भिंग घेतलं आणि किल्ली उघडली. सेल काढल्यावर खाली आधी दिसला तो बसच्या तिकिटाचा घडी घातलेला तुकडा. सैल सेल घट्ट बसावा म्हणून कोणीतरी घातलेला. पावसाळ्यात ओल धरून तो मऊ झाला होता आणि त्याच्याखालच्या धातूवर हिरवट डाग पडला होता. मधोमध मायनसची पत्ती. ती जिभेसारखी वर उचललेली असायला हवी. इथे ती सर्किटला जवळजवळ चिकटून निजली होती. सेलच्या मागच्या बाजूला भिंग धरलं, तर पत्ती जिथे टेकते तिथे ठसठशीत ठिपका हवा. त्याऐवजी केसासारखा एक बारीक ओरखडा होता. म्हणजे पत्ती कधी टेकत होती, कधी नाही. सेल परत ठेवून कव्हर अंगठ्याने दाबून धरलं आणि बटण दाबलं. दिवा लागला. अंगठा सोडला, दिवा बंद. तीन वेळा करून पाहिलं, तिन्ही वेळा तेच.

ही खूण लक्षात ठेवा. किल्ली दोन बोटांत चिमटीने आवळल्यावर रिमोट चालत असेल, तर दोष संपर्काचा आहे, प्रोग्रॅमिंगचा नाही.

तिकीट फेकून दिलं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून पत्ती, सेलची बैठक आणि सेलच्या दोन्ही बाजू पुसल्या. हिरवा डाग हट्टी होता, त्यावर खोडरबराचा कोपरा हलक्या हाताने फिरवला. (हाताला लावायचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात ग्लिसरीन असतं, ते मागे चिकट थर ठेवतं.) मग सेल बाहेर असतानाच शिवणाच्या सुईने पत्ती मुळापासून अलगद वर उचलली, जेमतेम अर्धा मिलिमीटर. टोकाशी वाकवायची नाही, आणि परत परत वर-खाली तर अजिबात करायची नाही, ती तुटते. नवा २०३२ बसवला तेव्हा बोटाला हलकासा दाब जाणवला. तोच जाणवायला हवा. पोकळी भरायला चांदीचा कागद घालण्याचा सल्लाही मिळतो. तो मानू नका. कागद सरकला की प्लस-मायनस जोडले जातात आणि सेल तासाभरात मरतो.

पत्ती ठीक असेल तर तिचा सर्किटशी असलेला जोड बघा. किल्ली फरशीवर पडलेली असेल तर हमखास बघा. भिंगाखाली सोल्डरच्या थेंबाभोवती बारीक गोल चीर दिसते. हे घरी करायचं काम नाही. मोबाईल दुरुस्तीवाला दोन मिनिटांत पुन्हा सोल्डर करून देतो. आमच्या मावशीच्या किल्लीत हेच होतं आणि तिला बरेच दिवस वाटत होतं की सेलच बनावट मिळतात.

सेल दोन-तीन आठवड्यांतच संपून जात असेल तर तो वेगळा आजार. तिथे बटणांकडे वळा. रबराखाली छोटे स्विच असतात, दाबल्यावर टक् असा आवाज करणारे. त्यातला एक अडकून दाबलेलाच राहिला तर रिमोट आत सतत जागा राहतो आणि सेल उतरत जातो. घाम, धूळ आणि पावसाची ओल यामुळे हे होतं. आणखी एका कारणाने होतं, ते मी दोन किल्ल्यांत पाहिलं: जुनं कव्हर फाटलं म्हणून बाजारातून नवं घेतलं आणि त्याच्या रबराचे ठोकळे मूळच्यापेक्षा किंचित उंच. कव्हर मिटलं की बटण आपोआप दाबलं जातं. कव्हर न लावता सर्किट दोन दिवस नुसतं वापरून बघितलं की खात्री होते. नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानांत कव्हरं मिळतात, पण जुनी किल्ली सोबत नेऊन, तिथेच सर्किट बसवून बघून घ्या. आणि एकच बटण चालत नसेल, बाकीची चालत असतील, तर सेलचा काही संबंध नाही. तो स्विच गेलाय.

किल्ली पावसात भिजली किंवा पँटच्या खिशातून वॉशिंग मशीनमध्ये गेली, तर आधी सेल काढा, बाकी सगळं नंतर. पाण्याइतकंच नुकसान पाण्यात सेल चालू राहिल्याने होतं.

ज्यांची गाडी बटण दाबून चालू होते, त्यांच्या स्मार्ट किल्लीचा सेल लवकर संपण्याची कारणं घरातच सापडतात. गाडीजवळ असताना ही किल्ली गाडीशी सतत बोलत असते. बंगल्यात गाडी पोर्चमध्ये आणि किल्ली भिंतीपलीकडच्या खुंटीवर असेल तर ती रात्रभर जागी. काही गाड्यांच्या पुस्तिकेत टीव्ही, संगणक, मोबाईल, चार्जर, टेबललॅम्प आणि इंडक्शन शेगडी यांच्यापासून किल्ली किमान मीटरभर लांब ठेवायला सांगितलेलं असतं. आपल्याकडे तर किल्ली आणि मोबाईलचा चार्जर एकाच ट्रेमध्ये असतात. सेल पूर्ण मेला तरी अशी गाडी अडकून पडत नाही. किल्लीच्या आत लपवलेलं लोखंडी पातं ओढून काढा, चालकाच्या दाराच्या हँडलवर झाकणाखाली कुलूप असेल ते उघडा, आणि आत बसून किल्लीच स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबा. काही गाड्यांत त्यासाठी वेगळी खाच असते. पुस्तिकेतलं ते पान आजच काढून मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा, अडचणीच्या वेळी पुस्तिका बंद गाडीच्याच कप्प्यात असते.

सगळीकडे चालणारा रिमोट एकाच ठिकाणी चालत नसेल तर किल्ली उघडू नका. आपल्याकडच्या बहुतेक किल्ल्या ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. त्याच पट्ट्यात फाटकांचे, शटरचे आणि दुचाकींच्या अलार्मचे रिमोटही असतात. शेजारचा एखादा अडकलेला रिमोट सतत संदेश सोडत असेल तर तुमचा आवाज त्यात बुडतो. गाडीच्या अगदी जवळ जाऊन दाबा, नाहीतर किल्ली कुलपात फिरवा. आणि मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर किल्ली धरून प्रकाश दिसतो का, ही युक्ती टीव्हीच्या रिमोटसाठी आहे. तो इन्फ्रारेडवर चालतो, किल्ली रेडिओलहरींवर. कॅमेऱ्यात काही दिसलं नाही म्हणून किल्ली मेली असं समजू नका.

आता ते प्रोग्रॅमिंग. चोराने संदेश टिपून तोच पुन्हा पाठवू नये म्हणून रिमोट दर वेळी वेगळा कोड पाठवतो आणि गाडी त्याचा मोजणीक्रम सांभाळते. जुन्या, सर्वत्र वापरल्या गेलेल्या कीलॉक पद्धतीत गाडी पुढचे १६ कोड लगेच स्वीकारते. अंतर त्यापेक्षा वाढलं, म्हणजे नातवाने घरी बसून पन्नास वेळा बटण दाबलं, तर लागोपाठ दोन कोड आल्यावर ती पुन्हा जुळवून घेते. म्हणून सेल बदलल्यावर गाडीजवळ उभं राहून दोन-तीनदा दाबून बघा. काही गाड्यांत किल्ली इग्निशनमध्ये घालून, ऑन करून, काही सेकंदांत लॉकचं बटण दाबावं लागतं. नेमका क्रम आपापल्या पुस्तिकेप्रमाणे करा. किल्लीची ओळख मात्र बहुतेक रिमोटमध्ये अशा स्मृतीत साठवलेली असते की सेल काढला तरी ती पुसली जात नाही. नुसता सेल बदलल्याने ती उडते, हे म्हणूनच सहज मान्य करू नका.

दुसरी किल्ली ठणठणीत चालतेय, सेल बरोबर आहे, पत्ती टेकतेय, स्विच टक् करतोय, पुन्हा जुळवूनही पाहिलंय आणि तरी किल्ली बोलत नाही, तेव्हा सर्व्हिस सेंटरला जा. जाताना घरातल्या सगळ्या किल्ल्या न्या, कारण अनेक गाड्यांत नवी किल्ली नोंदवताना जुन्याही त्याच बैठकीत पुन्हा नोंदवाव्या लागतात. आणि नव्या किल्लीला होकार देण्याआधी एवढं नक्की विचारा: "या रिमोटमधून सिग्नल बाहेर पडतोय का, ते टेस्टरवर मला दाखवा." सिग्नल येत असेल तर बहुतेक वेळा नव्या किल्लीची गरज नसते.

काढलेल्या जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि ई-कचऱ्यात वेगळा द्या, ओल्या-सुक्यात टाकू नका. कचरा निवडणाऱ्या हातांना त्याचा त्रास होतो.

आमच्या कव्हरच्या आतल्या बाजूला मी मार्करने सेलचा क्रमांक आणि तारीख लिहून ठेवली आहे. पुढच्या वेळी दुकानात बाबा गेले, तरी २०३२ च मागतील.